मुंबईतली भातशेती : आधी स्वस्तातली तूट भरा

मुंबईत मान्सून सरासरी ११ जूनला येतो. गोराई-मनोरीत किंवा आरेच्या पाड्यांवर ज्यांची दहा-वीस गुंठे भातशेती आहे, त्यांनी त्याआधीच बियाणं बाहेर काढावं. कागदावरचं विक्रमी उत्पादन गाठायला निघालात, तर शेवटच्या दोन पोत्यांचा खर्च त्या पोत्यांच्या भावापेक्षा जास्त होतो. मिळू शकणाऱ्या आणि प्रत्यक्ष मिळणाऱ्या उत्पादनातली जी तूट कमी पैशात भरते, ती आधी भरायची.

सगळ्यात स्वस्त इलाज मिठाचा. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाका. तरंगणारं पोचट बी काढून टाका. तळाचं बी दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा. हलक्या वरकस (डोंगरउताराच्या) जमिनीला कर्जत-३ सारखी हळवी, म्हणजे लवकर तयार होणारी, भाताची जात बरी. खाडीकाठच्या खाऱ्या खाचरात (बांध घातलेल्या भातशेतात) पनवेल-३ लावा. शेजाऱ्याला लाभली म्हणून तीच जात आपल्या खाचरात चालेल असं नाही.

खरा पैसा वाहून जातो तो युरियात. जुलैच्या धो-धो पावसात फोकलेला युरिया बांध ओलांडून नाल्यात जातो. त्यापेक्षा युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे युरिया आणि डीएपी ही दोन खतं दाबून केलेली गोळी, वापरा. दोरीला १५ आणि २५ सेंटीमीटरवर आलटून-पालटून खुणा करून जोडओळीत (दोन ओळींमध्येही एकदा १५, एकदा २५ सेंटीमीटर सोडून) लावणी करा. चुडात, म्हणजे एका जागी लावायच्या जुडीत, दोन-तीनच रोपं धरा. मग त्याच दिवशी, चार चुडांच्या १५ सेंटीमीटरच्या चौकोनाच्या मधोमध एक ब्रिकेट बोटानं ७ ते १० सेंटीमीटर खोल दाबा. ब्रिकेट २.७ ग्रॅमची घेतली तर गुंठ्याला साधारण ६२५ लागतात, म्हणजे पावणेदोन किलोच्या आत. नंतर वरून युरिया द्यायची गरज नाही. ब्रिकेट दाबल्यावर खाचरात विनाकारण तुडवातुडव करू नका, नाहीतर दाबलेलं खत पुन्हा वर येतं.

अडचण मजुरीची आहे, हे कबूल. दोरी धरून लावणी पहिल्या वर्षी हळू होते आणि घरातली तरुण मंडळी सकाळच्या लोकलनं कामाला गेलेली असतात. म्हणून लावणी रविवारी ठेवा. दोन-तीन घरांनी आळीपाळीनं एकमेकांच्या खाचरात उतरलं तर रोजंदारी वाचते. तेही जमत नसेल, तर यंदा पाच गुंठ्यांतच ही पद्धत करा, बाकीचं नेहमीसारखं लावा. दोन्हीकडचं बी, खत, मजुरी वेगळी लिहा आणि झोडणीनंतर भात वेगवेगळं मोजा. पुढच्या वर्षी किती गुंठ्यांत ब्रिकेट घालायची, ते त्या हिशेबावरून ठरवा.

बांधावर जागा असेल तर गिरिपुष्पाच्या (पाल्याचं खत होणारं झाड) फांद्या आत्ताच खोचून ठेवा. दोन-तीन वर्षांनी चिखलणीच्या आधी खाचरात गाडायला गुंठ्याला ३० किलो हिरवा पाला फुकटात मिळेल.