महापालिकेचा नियम ऑनलाइन शोधताय? या चुका टाळा

आमच्या सोसायटीला पार्किंगच्या शेडवरून नोटीस आली तेव्हा ग्रुपवर कोणीतरी लगेच कलम ३५१ ची पीडीएफ टाकली आणि आम्ही दोन दिवस तेच वाचत बसलो, मग एका वकील काकांनी सांगितलं की अरे हे १८८८ च्या कायद्यातलं, ते फक्त मुंबई महापालिकेला लागतं. आम्ही मुंबईबाहेर. नोटिशीत स्पष्ट कलम २६० लिहिलेलं, कोणी नीट वाचलंच नव्हतं.

सगळ्यात मोठी चूक हीच. आधी बघा तुमच्याकडे महापालिका आहे, नगरपरिषद आहे की ग्रामपंचायत. मुंबई सोडून बाकी महापालिकांना १९४९ चा कायदा, नगरपरिषद-नगरपंचायतीला १९६५ चा, ग्रामपंचायतीचा वेगळाच. आणि १९४९ वाल्याचं जुनं नाव 'मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम', त्यामुळे कोल्हापूरच्या माणसाला वाटतं हा आपला नाहीच, आणि तो योग्य तीच फाइल बंद करतो! फुरसुंगी-उरुळी देवाचीचं तर बघा, २०१७ ला पुणे महापालिकेत गेली, २०२४ ला वेगळी नगरपरिषद झाली, म्हणजे तिथे प्रकरण कुठल्या वर्षाचं तेही बघावं लागतं.

पीडीएफ मिळाली की पहिल्या पानावर 'अमुक तारखेपर्यंत सुधारित' असं असतं, ते वाचा. जुनी प्रत असेल तर नंतरच्या सुधारणा त्यात नसणारच. आत शब्द सर्च करून काही येत नसेल तर नियम नाही असं समजू नका, बऱ्याच फाइली नुसत्या स्कॅन असतात, अनुक्रमणिकेवरून कलम गाठा.

शासनाच्या साइटवर जीआर (शासन निर्णय) सापडत नाही म्हणणाऱ्यांचा बहुतेक वेळा विभाग चुकलेला असतो. शहराचं नगरविकासमध्ये, गावाचं ग्रामविकासमध्ये. कोणी जीआर फॉरवर्ड केला तर संकेतांक मागा, त्याची सुरुवात तारखेनेच होते, २०१९०६१४ म्हणजे १४ जून २०१९, तो टाकला की खरा-खोटा लगेच कळतं. प्लास्टिकबंदी मात्र तिथे शोधू नका, २३ मार्च २०१८ ची ती अधिसूचना आहे, राजपत्रात (गॅझेटमध्ये) बघा.

आणि उपविधी (पालिकेने स्वतः केलेले नियम) पालिकेच्या साइटवर नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत. फक्त 'नियमांची माहिती द्यावी' असं मोघम लिहू नका, 'अमुक विषयाच्या मंजूर उपविधींची आणि राजपत्राची प्रत' असं नेमकं मागा.