प्रयोग आणि शूटिंग एकत्र सांभाळताना

नाटक आणि सिनेमा दोन्ही करायचं ठरवलं, की पहिली अडचण अभिनयाची येत नाही, तारखांची येते. महापालिकांच्या नाट्यगृहांच्या तारखा निर्मात्यांना तीन-चार महिने आधी वाटल्या जातात. शूटिंगचं वेळापत्रक मात्र लोकेशनची परवानगी, पाऊस, मुख्य नटाची तारीख अशा कशानंही आदल्या रात्री बदलतं. म्हणून जे हलत नाही ते डायरीत आधी लिहायचं आणि शूटिंग त्याभोवती बसवायचं. प्रयोगाची जाहिरात पेपरात आली आणि बुकिंग सुरू झालं, की तुमच्या गैरहजेरीत एकट्या तुमची नाईट, म्हणजे त्या प्रयोगाचं मानधन, बुडत नाही. बॅकस्टेजवाले, मेकअपमन, कपडेपट सांभाळणारे, सगळ्यांची त्या दिवसाची कमाई जाते.

सिनेमाच्या करारावर सही करण्याआधी जाहीर झालेल्या प्रयोगांची यादी कराराला जोडा. शूटिंगचे दिवस किती, पॅचवर्कचे, म्हणजे राहिलेले तुकडे नंतर शूट करण्याचे, किती, डबिंगचे किती आणि प्रसिद्धीचे किती, हे वेगवेगळं लिहून घ्या. प्रसिद्धीचे दिवस बहुतेक नवे नट विसरतात. सिनेमा शुक्रवारी लागतो, त्याआधीच्या शनिवार-रविवारी मुलाखती आणि कार्यक्रम असतात, आणि प्रयोगही नेमके त्याच दोन दिवशी असतात.

एकाच दिवशी दोन्ही असेल तर वेळ उलटी मोजा. प्रयोग ठाण्याच्या गडकरी रंगायतनला रात्री साडेआठचा आणि शूटिंग गोरेगावच्या फिल्मसिटीत, असं समजा. साडेसातला मेकअपला बसायचं, तर शनिवारच्या गर्दीत सेटवरून पाचला निघायला हवं. विग उतरवणं, मेकअप काढणं, कपडे परत देणं यात अर्धा तास जातो. म्हणजे शेवटचा शॉट साडेचारला संपला पाहिजे. हे कराराच्या वेळी प्रॉडक्शनला सांगितलेलं असतं, पण सेटवर शॉटचा क्रम ठरवणाऱ्या सहायक दिग्दर्शकापर्यंत ते पोचलेलं असेलच असं नाही. सकाळी सेटवर पाऊल टाकल्याबरोबर त्यांना स्वतः पुन्हा सांगा, म्हणजे तुमचे क्लोजअप आधी उरकता येतात. पुण्यात प्रयोग आणि मुंबईत शूटिंग, हे एका दिवसात घेऊच नका.

बाहेरगावचं शूटिंग आलं तर नाटकाच्या निर्मात्याला किमान महिनाभर आधी सांगा आणि पर्यायी नटाच्या तालमीला स्वतः बसा. कुठल्या वाक्याला हशा येतो, कुठल्या शब्दावर प्रकाश बदलतो, विंगेत वस्तू कुठे ठेवलेली असते, हे संहितेत सापडत नाही. ते तुम्हालाच सांगावं लागतं.

दाढी-केसांवरूनही भांडणं होतात. सिनेमाला दोन महिने वाढलेली दाढी हवी आणि नाटकातला माणूस तुळतुळीत, तर नाटकाच्या दिग्दर्शकाला दाढी चालेल का, हे सही करण्याआधी विचारा. उलट प्रकार सोपा. मंचावर चिकटवलेली मिशी दहाव्या रांगेतून खपते, क्लोजअपमध्ये तिची जाळी दिसते. त्यामुळे खरे केस सिनेमाला द्यायचे आणि चिकटवायचे ते नाटकात. मात्र मिशी चिकटवायचा स्पिरिट गम रोज लावला तर त्वचेवर पुरळ उठतं आणि दुसऱ्या दिवशी ते कॅमेऱ्यात दिसतं. मिशी ओढून न काढता रिमूव्हरनं सोडवा.

आता कॅमेऱ्यासमोर. आवाज लहान केला की काम झालं, असं नाटकातल्या नटाला वाटतं. तेवढ्यानं भागत नाही. मंचावर आपण विचार शरीरातून शेवटच्या रांगेपर्यंत पोचवतो. क्लोजअपमध्ये भुवई उचलली तरी ती मोठ्या पडद्यावर हातभर उचलली जाते. शॉटआधी कॅमेरामनला फ्रेम कुठपर्यंत आहे ते विचारा. छातीपर्यंत असेल तर हाताचे हावभाव फुकट जातात आणि खांदे मात्र उगाच हलताना दिसतात. समोरच्या नटाच्या दोन्ही डोळ्यांत आलटून पालटून पाहिलं तर पडद्यावर नजर चंचल दिसते. त्याच्या ज्या डोळ्याशी लेन्स जवळ आहे, तेवढ्याच डोळ्यात पाहा. मार्कवर, म्हणजे जमिनीवर खूण केलेल्या जागी, थांबायचं असेल तर मार्कपासून सुरुवातीच्या जागेपर्यंत पावलं मोजत मागे जा, म्हणजे शॉटमध्ये खाली पाहावं लागत नाही.

कंटिन्युटी, म्हणजे एका शॉटमधल्या हालचाली दुसऱ्या शॉटशी जुळणं, हा नाटकवाल्यांचा हमखास घोटाळा. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे अख्खा प्रसंग एकत्र टिपणाऱ्या शॉटमध्ये, ‘तू गेलीस’ म्हणताना चहाचा कप उचलला आणि ‘परत आली नाहीस’वर ठेवला, तर क्लोजअपमध्येही त्याच शब्दांवर तेच व्हायला हवं. प्रत्येक टेकला नवं काही सुचलं आणि केलं, तर संकलकाला ते टेक जुळत नाहीत आणि तुमचा चांगला टेक कापला जातो. म्हणून मास्टरमध्ये वस्तूंशी कमीत कमी खेळा. रडण्याचा प्रसंग असेल तर क्लोजअप कितवा आहे ते विचारून ठेवा, सगळं मास्टरमध्येच ओतून बसू नका. आणि प्रसंग उलटसुलट क्रमानं शूट होतात, तेव्हा प्रत्येक प्रसंगासमोर वहीत दोन ओळी लिहा: या आधी काय घडलं आणि पात्राला आत्तापर्यंत काय माहीत आहे.

महिनाभर शूटिंग करून मंचावर परतलात, की वाक्यांची शेवटं पडतात. क्रियापद तोंडातच राहतं, आणि मराठीत अर्थ बहुधा त्या क्रियापदात असतो. पंधरा दिवसांहून जास्त खंड पडला तर संपूर्ण संहितेची एक तालीम मागून घ्या. प्रयोगाच्या दिवशी लवकर पोचा, कुणाला तरी बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत उभं करा आणि सर्वांत हळू बोलायची वाक्यं म्हणून पाहा. मंचाच्या कडेला माइक असले तरी त्यांच्या भरवशावर राहू नका. तुम्ही पाठ वळवलीत की ते निरुपयोगी ठरतात. हशाचं भानही सुटलेलं असतं. हशा पूर्ण विरेपर्यंत थांबलात तर प्रसंग थंड होतो. तो उतरायला लागला की पुढचं वाक्य घ्यायचं.

घशाकडे दुर्लक्ष नको. विक्रम गोखले यांनी घशाच्या विकारामुळे २०१६ मध्ये रंगभूमीवरून निवृत्ती जाहीर केली. सिनेमातलं काम त्यांनी पुढेही चालू ठेवलं. मंच घशाकडून किती मागतो, ते यावरून कळावं. रात्रीच्या प्रयोगानंतर बारा वाजता तेलकट जेवून लगेच झोपलात तर आम्ल वर येतं आणि सकाळी डबिंगला आवाज घोगरा लागतो. आवाज बसला असेल तर कुजबुजू नका, त्यानं ताण वाढू शकतो. गप्प राहा. बसलेल्या आवाजावर अ‍ॅस्पिरिन घेऊन प्रयोग करणं धोक्याचं, कारण रक्त पातळ असताना स्वरतंतूत रक्तस्राव होऊ शकतो. घोगरेपणा तीन आठवड्यांच्या वर टिकला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरतंतू तपासून घ्या.

पैशांचं गणित दोन्हीकडे वेगळं. नाटकात दर प्रयोगाची नाईट. प्रयोग रद्द झाला की बहुधा काहीच नाही. सिनेमात रक्कम हप्त्यांत येते. शेवटचा हप्ता डबिंगच्या आधी मिळेल असं करारात लिहून घ्या, कारण एकदा आवाज देऊन झाला की निर्मात्याला तुमची घाई राहत नाही. सिनेमाच्या मानधनातून सहसा १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापला जातो. तो तुमच्या पॅनवर खरंच भरला गेला का, हे विवरणपत्र भरण्याआधी आयकर खात्याच्या संकेतस्थळावर तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचं पत्रक (२६एएस म्हणून ओळखलं जाणारं) उघडून पाहा. भरलेला नसेल तर त्याच आर्थिक वर्षात निर्मात्याच्या हिशेबनिसाकडे लेखी पाठपुरावा करा. सिनेमा लागल्यावर प्रॉडक्शनचं ऑफिस अनेकदा बंद झालेलं असतं.