काळा दगड काळ्या रंगाने रंगवू नका: इमारतीच्या ड्रॉइंगवर जलरंगाचा वॉश कसा द्यावा

कोल्हापुरात राहून न्यू पॅलेस पाहिला नाही असा माणूस सापडणं कठीण. मेजर चार्ल्स मँटच्या आराखड्यावरून १८७७ ते १८८४ या काळात तो बांधला गेला, आणि तोही काळ्या घडीव दगडात. आता हाच पॅलेस कागदावर रंगवायला बसा. नवशिक्याचा हात आधी काळ्या ट्यूबकडे जातो आणि तासाभरात पॅलेसची कोळशाची वखार होते. सकाळी तिथं जाऊन नीट बघा. उन्हातला दगड राखाडी, जरा निळसर दिसतो. खरा काळेपणा असतो तो सावलीत. तो काळेपणा एका फटक्यात आणायचा नसतो. पातळ रंगाचे थर एकावर एक देत तो चढवत न्यायचा, यालाच वॉश रेंडरिंग म्हणतात. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या एकोल दे बोझारसारख्या संस्थेत वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांकडून हे घोटून घेत. आज संगणक असला तरी हाताने शिकल्यावर सावलीची समज येते ती वेगळीच.

सामान थोडंच लागतं. ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड), फार खरबरीत नसलेला जलरंगाचा कागद, लाकडी ड्रॉइंग बोर्ड, टोक धरणारे दोन गोल ब्रश (एक मोठा, एक मध्यम), चिनी मातीच्या तीन-चार वाट्या, स्पंज आणि रंगाच्या दोन ट्यूब: अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना. या दोन्हींच्या मिश्रणातून दगडाला शोभेल असा जिवंत राखाडी मिळतो. निळा वाढवला की थंड, तांबूस वाढवला की उबदार. काळी ट्यूब दुकानातच राहू द्या.

कागद ताणणे

इथं आळस केलात तर पुढचं सगळं वाया. कोरड्या कागदावर मोठा वॉश दिला की कागद फुगतो, त्याला खळगे पडतात आणि रंग त्या खळग्यांत जाऊन बसतो. म्हणून कागद पाच-सात मिनिटं पाण्यात भिजवायचा, उचलून पाणी निथळू द्यायचं, बोर्डवर पसरायचा आणि चारही कडांना गम टेप लावायचा. दुकानात गम टेप मागितला की बऱ्याचदा खोके चिकटवायचा तपकिरी प्लास्टिकचा टेप हातात देतात. तो ओल्या कागदाला धरत नाही. आपल्याला हवा तो कागदी टेप, मागच्या बाजूला कोरडा गोंद असलेला, पाणी लावल्यावर चिकटणारा. बोर्ड आडवा ठेवून सावलीत वाळवा. सकाळपर्यंत कागद ढोलकीसारखा ताणला जातो. पावसाळ्यात मात्र इथल्या दमट हवेत एक रात्र पुरत नाही. जुलैत मी घाईने हेअर ड्रायर फिरवला, तर एक कोपरा आधी वाळला आणि कागद टेपपासून उचकटला. तेव्हापासून पावसाळ्यात दोन दिवस धरतो.

रेघा आणि सावलीचं गणित

पेन्सिलीने एलेव्हेशन, म्हणजे इमारतीचं समोरून दिसणारं सपाट ड्रॉइंग, काढा. पहिल्यांदा अख्खा पॅलेस नको, एक कमान किंवा छज्जा असलेली एक खिडकी पुरे. खोडरबर जपून वापरा, घासलेल्या जागी कागदाचे तंतू उठतात आणि वॉश तिथंच गडद डाग धरतो. शाईने रेघा मारायच्या तर शाई वॉटरप्रूफ हवी.

सावली मनाने टाकायची नाही. रूढ पद्धत अशी की ऊन डावीकडून, वरून, ४५ अंशांत येतं असं धरायचं. त्यामुळे हिशेब सोपा होतो: वस्तू भिंतीपासून जितकी पुढे, तितकीच तिची सावली खाली आणि उजवीकडे. छज्जा ६० सेंटिमीटर पुढे असेल तर सावलीही त्याच्या कडेपासून ६० सेंटिमीटर खाली उतरते. १:५० च्या, म्हणजे पन्नासपट लहान केलेल्या ड्रॉइंगवर ते १२ मिलिमीटर. हलक्या पेन्सिलीने सावलीच्या कडा आखून ठेवा. त्या आखल्याशिवाय मी रंगाचं झाकण उघडत नाही.

सपाट वॉश

आधी फालतू कागदावर हात बसवा. वाटीत रंग भरपूर कालवा, वाटतो त्याच्या दुप्पट. मधेच संपला तर तीच छटा पुन्हा जमत नाही. बोर्डखाली एखादं जाड पुस्तक सरकवून थोडा उतार द्या. ब्रश भरून घ्या आणि वरच्या कडेने डावीकडून उजवीकडे एक पट्टा ओढा. पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगाच्या पाण्याची फुगीर कड जमेल. सगळी कला या कडेत आहे. ती वाळायच्या आत पुढचा पट्टा तिला हलकेच टेकवत ओढायचा, म्हणजे पाणी खाली सरकतं. असं तळापर्यंत. शेवटी जमलेलं पाणी ब्रश पिळून त्याच्या टोकाने टिपून घ्या, नाहीतर ते उलटं वर चढून कोबीच्या पानासारखा डाग पाडतं. मागे राहिलेली चूक ओल्यात दुरुस्त करायला जाऊ नका. हात आवरणं हेच सगळ्यात अवघड, विशेषतः कुणी मागे उभं राहून ‘तिथं जरा राहिलंय बघ’ म्हणत असेल तर.

उतरता वॉश, म्हणजे गडदाकडून फिकट होत जाणारा, याच रीतीने, फक्त प्रत्येक पट्ट्याला वाटीत थोडं पाणी घालत जायचं. गोल खांबासाठी दुसरी युक्ती. खांबाच्या अंधाऱ्या बाजूला उभ्या अरुंद पट्ट्या आखा. अगदी पातळ वॉश सगळ्यांवर द्या, पूर्ण वाळू द्या. दुसरा थर उजेडाकडची एक पट्टी सोडून, तिसरा दोन सोडून. सात-आठ थरांनंतर खांब गोल दिसायला लागतो.

इमारत चढवताना

क्रम असा ठेवा: आभाळ, मग भिंतीचा सगळीकडून एक फिकट थर, मग सावल्या, शेवटी बारकावे. सावलीत एक गंमत आहे. जमिनीवरून परतलेला उजेड छज्ज्याच्या खाली शिरतो, म्हणून सावली वरच्या अंगाला थोडी मोकळी आणि खालच्या कडेला गडद ठेवली की ती हवेशीर वाटते. एकसारखी काळी सावली भिंतीला भोक पडल्यासारखी दिसते. एक थर वाळला की नाही ते हाताच्या पाठीने पाहा. गार लागला तर आत ओल आहे, थांबा. तेवढ्यात चहा होतो.

दगडाचे सांधे सगळे रंगवायचे नाहीत. उन्हात दोन-चार, सावलीत आणखी थोडे. बाकीचे बघणाऱ्याचा डोळा भरून काढतो. दाराशी फेटा बांधलेला एक माणूस उभा करा, म्हणजे कमान किती उंच ते कळतं.

शीट बोर्डवर रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी टेपच्या आतल्या बाजूने धारदार कटर फिरवा आणि कागद सावकाश उचला.