पीजीबाउन्सरचं कन्सोल: किल मारायच्या आधी एवढं बघा

पोस्टग्रेस डेटाबेससमोर पीजीबाउन्सर (ॲपची बरीच कनेक्शनं पोस्टग्रेसच्या मोजक्या कनेक्शनांवर वाटून देणारा मधला प्रोग्रॅम, पुढे नुसता 'बाउन्सर') लावला की अर्धे लोक त्याचा पोर्ट ६४३२ ॲपमध्ये टाकतात आणि विषय संपला असं समजतात, मग एक दिवस ॲप लटकतं आणि सगळे पोस्टग्रेसवर धावतात, तिथे बघितलं तर डेटाबेस निवांत, सीपीयू पाच टक्के. रांग बाउन्सरच्या दारात लागलेली असते आणि तिथे कोणी बघतच नाही. (कमांड्स खाली उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये.)

आत शिरायला वेगळं टूल लागत नाही. पोस्टग्रेसचं नेहमीचं कमांड-लाइन टूल पीएसक्यूएल घ्या, पोर्ट ६४३२ द्या आणि डेटाबेसचं नाव 'पीजीबाउन्सर' द्या. असा डेटाबेस खरा कुठेच नसतो, ते बाउन्सरचं स्वतःचं कन्सोल आहे, त्यामुळे सिलेक्ट वगैरे चालवायला जाऊ नका. आत कोणाला घ्यायचं ते बाउन्सरच्या सेटिंग्जच्या आयएनआय फाइलमधल्या ॲडमिन युजर्स आणि स्टॅट्स युजर्स या दोन ओळींवर ठरतं. स्टॅट्सवाल्याला शोच्या कमांड्स चालतात, बाकी काही बंद-चालू करता येत नाही, म्हणून मॉनिटरिंगला कायम तोच द्या. आणि पासवर्डच हरवला असेल तर ज्या लिनक्स युजरखाली बाउन्सर चालतो त्याच युजरने युनिक्स सॉकेटवरून (म्हणजे त्याच मशीनवरून, नेटवर्कशिवाय) 'पीजीबाउन्सर' या नावाने या, पासवर्ड विचारत नाही.

पहिली कमांड 'शो पूल्स'. पूल म्हणजे पोस्टग्रेसकडच्या कनेक्शनांचा गट, तो डेटाबेस आणि युजर यांच्या जोडीला एक असतो, आणि डिफॉल्ट पूल साइज २० म्हणजे त्या एका जोडीला २०, सगळ्यांना मिळून नाही. इथे तीनच कॉलम बघा, सीएल वेटिंग (रांगेत थांबलेले क्लायंट), एसव्ही ॲक्टिव्ह (पोस्टग्रेसकडची वापरात असलेली कनेक्शनं) आणि मॅक्सवेट. मॅक्सवेट म्हणजे रांगेत सगळ्यात पुढचा माणूस किती सेकंद उभा आहे ते. तो शून्य असेल तर घरी जा. वाढत असेल आणि एसव्ही ॲक्टिव्ह २० वर चिकटलेला असेल तर कोणीतरी खिडकी अडवून बसलंय. क्वेरी वेट टाइमआउट डिफॉल्टला १२० सेकंद असतो, त्यानंतर रांगेतले लोक एरर खाऊन बाहेर फेकले जातात, म्हणजे तुमच्याकडे शोधायला साधारण दोन मिनिटं आहेत. पीएसक्यूएलचं बॅकस्लॅश वॉच लावून ठेवलं की आकडे आपोआप पुन्हा पुन्हा येत राहतात.

आता अडवणारा शोधायचा. बाउन्सरकडे दोन वह्या असतात. 'शो क्लायंट्स' म्हणजे ॲपकडून आलेले, 'शो सर्व्हर्स' म्हणजे पोस्टग्रेसकडे गेलेले. क्लायंटच्या ओळीत लिंक नावाचा कॉलम असतो, त्यातला पत्ता सर्व्हरच्या ओळीतल्या पीटीआर कॉलमशी जुळवा. त्या सर्व्हरच्या ओळीत रिमोट पीआयडी (प्रोसेसचा नंबर) मिळतो, तोच पोस्टग्रेसच्या पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटीमधला, म्हणजे चालू सेशन्सच्या यादीतला पीआयडी. ही जुळवाजुळव का, तर पोस्टग्रेसला सगळे क्लायंट बाउन्सरच्याच आयपीवरून आलेले दिसतात, खरा माणूस कोण ते तिथे कळतच नाही. ॲप्लिकेशन नेम ॲड होस्ट हे सेटिंग १ केलंत तर होस्ट नि पोर्ट ॲप्लिकेशनच्या नावाला जोडून जातात आणि ही कसरत बरीच वाचते, आधीच करून ठेवा.

ट्रान्झॅक्शन मोडमध्ये (ट्रान्झॅक्शन संपलं की कनेक्शन दुसऱ्याला मिळतं तो) चोर बहुतेक वेळा 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' निघतो, कोणीतरी बिगिन म्हणून चहाला गेलेलं. त्याला पोस्टग्रेसचं पीजी कॅन्सल बॅकएंड मारून उपयोग नाही, कारण कॅन्सल करायला क्वेरीच चालू नाही, तिथे टर्मिनेट बॅकएंडच लागतं. परत परत होत असेल तर बाउन्सरचं आयडल ट्रान्झॅक्शन टाइमआउट लावा, ते मुळात बंद असतं.

बाउन्सरमधलं 'किल' हे एका सेशनसाठी नाही!! ते अख्ख्या डेटाबेसचे सगळे क्लायंट आणि सर्व्हर कनेक्शन तोडतं आणि वर डेटाबेस पॉझ करून ठेवतं, 'रिझ्यूम' म्हणेपर्यंत नवीन काही चालत नाही. 'पॉझ' त्यामानाने सभ्य, चालू ट्रान्झॅक्शन संपू देतं, पोस्टग्रेस रीस्टार्ट करायचा असेल तर हेच वापरा. पण पूल सेशन मोडमध्ये (क्लायंट जाईपर्यंत कनेक्शन त्याचंच राहतं तो) असेल तर ते क्लायंट स्वतः निघून जाईपर्यंत थांबतं. मी एकदा रात्री दीडला असाच पॉझ मारून बसलो, ॲपची कनेक्शनं कायमची उघडी, त्यामुळे पॉझ काही संपेना आणि नवीन येणारे सगळे अडकलेले, शेवटी ॲपच रीस्टार्ट करावं लागलं. त्यानंतर आधी मोड बघतो, 'शो पूल्स'च्या ओळीतच असतो तो.

युजर्सचं म्हणाल तर कन्सोलवरून युजर बनवता येत नाही, 'शो युजर्स' फक्त दाखवतं. नावं युजरलिस्ट डॉट टीएक्सटीमध्ये, एका ओळीत नाव आणि पासवर्ड, दोन्ही डबल कोट्समध्ये. साधा पासवर्ड टाकू नका, पोस्टग्रेसच्या पीजी शॅडोमधला स्क्रॅमचा मजकूर (पासवर्डचं सांकेतिक रूप) जसाच्या तसा उचला, स्वतः नवा बनवलात तर सॉल्ट (त्यात मिसळलेला यादृच्छिक भाग) वेगळा पडतो आणि बाउन्सर पुढे पोस्टग्रेसमध्ये लॉगिन करू शकत नाही. मग 'रीलोड'. लोक जास्त असतील तर ऑथ क्वेरी (पासवर्ड फाइलऐवजी पोस्टग्रेसलाच विचारणारं सेटिंग) लावा, फाइल सांभाळायचा ताप जातो.

आणि कोणाला काढायचं असेल तर फाइलमधून नाव उडवून रीलोड केलं म्हणजे झालं असं नाही, जो आधीच आत आहे तो बसूनच राहतो. 'शो क्लायंट्स'मध्ये त्याचं नाव अजून दिसतंय का ते बघा, दिसत असेल तर ते ॲप आधी बंद करा.