घोरणं थांबलं म्हणजे झालं? स्लीप अप्नियाच्या उपकरणाबाबत या चुका टाळा

स्लीप अप्निया म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडकण्याचा आजार. यात घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट अडते. रात्री दातांवर बसवायचं उपकरण खालचा जबडा थोडा पुढे धरून ठेवतं, त्याबरोबर जीभही पुढे येते. सीपॅपचा, म्हणजे झोपेत दाबाने हवा देणाऱ्या यंत्राचा, मास्क ज्यांना सहनच होत नाही, त्यांना याचा खरोखर उपयोग होतो. म्हणूनच ते अर्धवट वापरून कपाटात पडलेलं पाहिलं की फार हळहळ वाटते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घोरणं थांबलं की आजार आटोक्यात आला असं धरून चालणं. आवाज बंद झाला तरी श्वास अडकणं चालूच असू शकतं. झोपेत तासाला किती वेळा श्वास थांबतो किंवा अपुरा पडतो, तो आकडा म्हणजे एएचआय. मोठ्या माणसांत ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र. समजा, तो २८ वरून १८ वर आला. घरच्यांना शांत झोप लागेल, पण आजार अजून मध्यमच आहे. उपकरण तोंडात ठेवून पुन्हा स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची तपासणी, केल्याशिवाय हे कळणार नाही. ती टाळू नका, डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण करा.

‘महिना झाला, फरक नाही’ अशी तक्रार असेल तर आधी उपकरणाच्या स्क्रूचं बघा. जबडा किती पुढे धरायचा, ते किल्लीने हा स्क्रू फिरवून ठरवतात. जबडा पहिल्याच रात्री पूर्ण पुढे नेत नाहीत. बहुतेक वेळा तो जितका पुढे जाऊ शकतो त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करून, एका वेळी अर्ध्या मिलिमीटरहून जास्त नाही, असं हळूहळू सरकवतात. काही जण सुरुवातीच्या जागीच थांबतात, काही घाईने किल्ली फिरवत सुटतात आणि कानापुढचा सांधा दुखवून घेतात. गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायची तयार उपकरणं तर बऱ्याचदा नीट बसतच नाहीत. दातांचं माप घेऊन केलेलं, पुढे-मागे करता येणारं उपकरणच घ्यावं.

सकाळी उपकरण काढल्यावर पुढचे दात एकमेकांवर टेकतात, दाढा मात्र टेकत नाहीत. सुरुवातीला असं होतंच. डेंटिस्टने सांगितलेला जबड्याचा व्यायाम रोज करा, सहसा थोड्या वेळात दाढा जुळतात. दुपारपर्यंत जुळत नसतील तर त्यांना दाखवा. वर्षानुवर्षांच्या वापराने दात हळूहळू सरकतात, दुखत नसल्याने ते लक्षातही येत नाही. त्यासाठी पहिल्या वर्षी दर सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा तपासणी हवी. लाळ जास्त येणं बहुधा काही आठवड्यांत कमी होतं.

हलणारे दात, हिरड्यांचा आजार, जबड्याच्या सांध्याचं जुनं दुखणं हे माप देण्याआधीच सांगा. दातावर नवी कॅप बसवायची असेल तर तेही आधी बोला, नाहीतर उपकरण बसणार नाही. ते उकळत्या पाण्यात धुऊ नका, वाकडं होतं. मऊ ब्रश, सौम्य साबण आणि गार पाणी पुरे.

नीट चाललेलं असताना घोरणं परत सुरू झालं तर वजन वाढलंय का, रात्री दारू किंवा झोपेची गोळी घेतली जातेय का, हे बघा. आणि गाडी चालवताना डुलकी येत असेल तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका. गाडी चालवणं थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.