तंबू पाठीवर न्यावा की तयार तंबूत उतरावे? खानदेशातील मुक्कामापूर्वीचा विचार

सातपुड्यातील तोरणमाळला किंवा पाल या गावी एक रात्र मुक्काम करायचे ठरले की घरात आता हमखास एक प्रश्न उभा राहतो. मुलांना स्वतःच्या हाताने तंबू ठोकून त्यात झोपायचे असते, तर आईवडिलांना पलंग, गरम पाणी आणि हाताशी शौचालय हवे असते. ही दुसरी सोय अलीकडे ‘ग्लॅम्पिंग’ या नावाने ओळखली जाते. तीत चौथऱ्यावर पक्का उभारलेला तंबू किंवा घुमटाकार खोली मिळते आणि आत गादी, वीज व स्नानगृह असते. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत चेतक महोत्सवानिमित्त तापीकाठी उभी राहिलेली तंबूंची वस्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा प्रकार वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. निवड करताना बहुतेक जण भाड्यापासून सुरुवात करतात. माझ्या मते आधी महिना पाहावा, नंतर सोबतची माणसे व जागा पाहावी आणि पैशाचा हिशेब सर्वांत शेवटी करावा.

महिन्याला इतके महत्त्व देण्याचे कारण आपल्याकडचे हवामानच आहे. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि तापलेली जमीन मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. अशा दिवसांत मैदानी भागात साध्या तंबूत झोपणे शक्यच नसते, पण आलिशान तंबूही तेव्हा आपोआप सुखाचा होत नाही. कापडाची भिंत विटेच्या भिंतीसारखी ऊन अडवत नाही, त्यामुळे आतले वातानुकूलन यंत्र दिवसभर चालूनही हवा म्हणावी तशी थंड होत नाही. पारदर्शक भाग असलेल्या घुमटात तर सकाळी नऊनंतर बसवत नाही. उन्हाळ्यातच जायचे असेल तर उंचावर जावे. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे आणि जळगाव साधारण दोनशे मीटरवर, त्यामुळे दोन्हीकडच्या तापमानात ढोबळमानाने सहा अंशांचा फरक पडतो. पावसाळ्यात मात्र साध्या तंबूचा नाद सोडावा. सातपुड्यातले नाले वर कुठेतरी पाऊस झाला तरी खाली अचानक भरून येतात आणि मैदानातली काळी माती ओली झाली की खुंट्या धरत नाहीत.

राहिला नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा काळ. स्वतःचा तंबू नेण्यासाठी खानदेशात याच्याइतके चांगले दिवस नाहीत, पण थंडीला कमी लेखू नये. अक्कलकुवा तालुक्यातील डाबकडे कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात, ही बातमी आपण अनेकदा वाचतो. तोरणमाळला डिसेंबरात केलेला माझा पहिला मुक्काम मला अजून आठवतो. अंगावर घ्यायला दोन जाड रग होते, खाली मात्र नुसती प्लॅस्टिकची ताडपत्री होती. पहाटे तीनच्या सुमारास पाठ इतकी गारठली की उठून बसावे लागले, आणि बॅटरी लावली तेव्हा तंबूच्या छताला आतून पाण्याचे थेंब लोंबकळताना दिसले. पाऊस नव्हता, आमच्याच श्वासातली वाफ थंड कापडाला लागून तिचे पाणी झाले होते. थंडी आत शिरू नये म्हणून आम्ही सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या होत्या, तीच चूक झाली. तेव्हापासून मी दोन गोष्टी कटाक्षाने पाळतो. अंगाखाली फोमची जाड चटई असल्याशिवाय निघत नाही, कारण अंगातली ऊब वरच्या हवेपेक्षा खालची जमीन अधिक ओढून घेते; आणि तंबूची वरची जाळी रात्रभर थोडी उघडी ठेवतो. तोरणमाळच्या यशवंत तलावाचा काठ दिसायला कितीही मोहक असला तरी झोपण्यासाठी पाण्यापासून किमान साठ मीटर दूर आणि किंचित उंचावरची जागा निवडावी. गार हवा खोलगट भागात साचते आणि पाण्याजवळ दवही जास्त पडते. जमिनीखाली लगेच काळा पाषाण लागून खुंटी शिरत नसेल, तर तंबूच्या दोऱ्या मोठ्या दगडांना बांधाव्यात.

सोबतच्या माणसांचा विचार मोकळेपणाने व्हायला हवा. ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांना जमिनीवरून उठताना आणि तंबूच्या बुटक्या दारातून वाकून बाहेर पडताना खरोखर यातना होतात, आणि रात्री दोनदा उठावे लागणाऱ्या माणसाला अंधारात झाडीकडे जायला सांगणे योग्य नाही. असे कोणी सोबत असेल तर तयार तंबूच घ्यावा. त्याला उधळपट्टी समजू नये. घरच्या स्त्रियांच्या सोयीचे मत शेवटी नव्हे तर आधी विचारावे. सापाची भीती बाळगणाऱ्यांना मात्र एक गोष्ट सांगतो. मण्यार रात्री हिंडतो आणि उघड्यावर जमिनीवर झोपलेल्यांना त्याचा धोका मोठा असतो, पण तळ शिवलेल्या आणि चेन पूर्ण लावलेल्या तंबूत तो शिरू शकत नाही. बूट आत घ्यावेत आणि सकाळी झटकूनच पायात घालावेत.

जागेबाबत कायदा स्पष्ट आहे. यावल, अनेर धरण आणि पाटणादेवीच्या बाजूचे गौताळा औट्रमघाट ही अभयारण्ये आहेत, आणि तेथे वन विभागाच्या परवानगीशिवाय रात्री तंबू टाकता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात आग लावणे हा गुन्हा आहे, त्यामुळे तिथे शेकोटीचा विचारही करू नये. इतर वनक्षेत्रातही १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ मानला जातो. ज्यांना रात्री शेकोटीभोवती बसायचेच आहे, त्यांनी ओळखीच्या शेतकऱ्याचा मळा किंवा परवानगी असलेली खासगी जागा निवडावी.

तयार तंबू ठरवताना छायाचित्रांवर विसंबू नये. फोन करून नेमके प्रश्न विचारावेत. शौचालय तंबूला जोडलेले आहे की सर्वांसाठी एकच आहे? वीज गेल्यास जनरेटर रात्रभर चालतो की ठरावीक वेळेनंतर बंद होतो? गरम पाणी नळाला येते की बादलीने मिळते? छत दुहेरी आहे का, दुपारी झाडाची सावली पडते का आणि रात्री मोठ्या आवाजात गाणी लावली जातात का, हेही विचारावे. एका ठिकाणी आम्ही जंगलाची शांतता मिळेल म्हणून गेलो आणि आमच्या तंबूमागेच जनरेटर धडधडत होता. सासूबाईंना रात्रभर झोप लागली नाही, आणि आधी एक प्रश्न विचारला असता तर हे टळले असते, याची मला आजही खंत वाटते.

पैशाचा हिशेब सोपा आहे. तंबू, चटया आणि स्लीपिंग बॅग यांची एकूण किंमत पाच वर्षांत तुम्ही खरोखर जितक्या रात्री बाहेर काढाल तितक्या रात्रींनी भागावी आणि आलेला आकडा तयार तंबूच्या एका रात्रीच्या भाड्याशी ताडून पाहावा. वर्षाकाठी एकच रात्र जाणाऱ्याने सामान विकत घेऊ नये, भाड्याने आणावे.

तरीही मन ठरत नसेल तर निर्णय कागदावर घेऊ नका. डिसेंबरातल्या एखाद्या शनिवारी मित्राकडून तंबू मागून आणा आणि आपल्याच किंवा पाहुण्यांच्या मळ्यात टाका. या दिवसांत भरताची वांगी आलेली असतात. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या, जाळावर ती भाजावीत, ठेचावीत आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीबरोबर जेवून सगळ्यांनी तंबूत झोपावे. रात्रीच्या वीजपाळीला पाणी भरणारे आपले शेतकरी बांधव हीच थंडी दरवर्षी अंगावर घेतात, त्यांना पांघरुणाबद्दल विचारले तर दुकानदारापेक्षा उपयोगी सल्ला मिळेल. पहाटेपर्यंत कोण तंबूत टिकले आणि कोण उठून घरात गेले, ते पाहा. जे टिकतील त्यांच्यासाठी तोरणमाळला आपला तंबू न्या, आणि जे घरात गेले त्यांच्यासाठी त्याच रात्रीची पलंगाची सोय आधीच ठरवून ठेवा.