कर्नाटक संगीतातील वीणावादकाचा परिचय कसा लिहावा

कोल्हापुरात ख्यालगायकाची मैफल असली की निवेदकाचे काम सोपे असते. अल्लादिया खाँसाहेबांच्या वास्तव्याने या शहराच्या कानावर जयपूर-अत्रौली गायकीचे संस्कार झाले आहेत, त्यामुळे गुरूचे नाव घेतले की श्रोत्यांना निम्मे कळते. दक्षिणेतून आलेल्या वीणावादकाची गोष्ट वेगळी. त्याचे गुरू, त्याची परंपरा, इतकेच काय त्याचे वाद्यही बहुतेकांना अपरिचित असते, आणि अशा वेळी पुरस्कारांची यादी वाचून दाखवणे म्हणजे मिळालेली चार मिनिटे वाया घालवणे होय. त्या कलाकाराच्या आयुष्यातून आज आपल्याला काय ऐकू येणार आहे, हे सांगणे हेच परिचयाचे काम आहे.

लिहायला बसण्यापूर्वी कलाकाराशी फोनवर सविस्तर बोलावे. पहिला प्रश्न ‘बाणी’चा, म्हणजे वादनशैलीच्या परंपरेचा असावा. म्हैसूर दरबारात वीणे शेषण्णा (१८५२–१९२६) यांच्यासारख्यांनी घडवलेल्या बाणीत उजव्या हाताचे आघात स्पष्ट आणि मोजके-नेटके ऐकू येतात, तर तंजावरकडच्या बाणीत एका आघातावर तार ओढून गळ्यासारखी गमके, म्हणजे स्वरांची आंदोलने, काढण्याकडे कल असतो. म्हैसूरचे व्ही. दोरेस्वामी अय्यंगार (१९२०–१९९७) हे वीणावादक वेंकटगिरियप्पांचे शिष्य होते, एवढे एक वाक्यही जाणकाराला पुरेसे असते. पण सर्वसामान्य श्रोत्यासाठी त्याच्या जोडीला आघात आणि ओढ यांतला हा फरक सांगायलाच हवा.

दुसरा प्रश्न शिक्षणाच्या वाटेचा असावा, कारण सर्वांची वाट एकच नसते. वीणा धनम्माळ (१८६७–१९३८) यांच्या घरातच संगीत होते आणि त्यांच्या नाती टी. बृंदा, टी. मुक्ता आणि नृत्यांगना बालसरस्वती यांनी ते पुढे नेले. एस. बालचंदर (१९२७–१९९०) यांनी मात्र वीणा कोणा गुरूकडे न बसता स्वतः आत्मसात केली, शिवाय ते चित्रपट दिग्दर्शकही होते. चिट्टीबाबूंनी (१९३६–१९९६) वीणावादक एमानी शंकरशास्त्रींकडे तालीम घेतली. आपल्या पाहुण्या कलाकाराने सुरुवात गायनाने केली की वीणेने, वाजवताना तो मनात साहित्य, म्हणजे रचनेचे शब्द, म्हणतो का, गुरूने कोणती रचना सर्वांत जास्त घोटून घेतली, हे विचारले की रुक्ष नोंदींच्या जागी माणूस दिसू लागतो.

वाद्याबद्दल मात्र नेमके लिहावे, कारण ‘वीणा’ म्हटले की आपल्याकडे अनेकांच्या डोळ्यांसमोर उत्तरेकडची रुद्रवीणा येते. कर्नाटक संगीतातील सरस्वती वीणेला सात तारा असतात. चार वादनाच्या आणि तीन बाजूच्या तालाच्या. मेणाच्या थरात बसवलेले २४ पडदे असतात, आणि वादक मांडी घालून ती आडवी धरतो. उजव्या हाताची तर्जनी आणि मध्यमा वादनाच्या तारा छेडतात, करंगळी तालाच्या तारांवर वरच्या दिशेने फिरते. श्रोत्यांना ही करंगळी पाहायला सांगावे, म्हणजे ताल कुठे धरला आहे हे त्यांना आपोआप उमगते. तंजावरकडे फणसाच्या लाकडाची वीणा घडवतात, हा तपशील तंतुवाद्यांचे माहेरघर असलेले मिरज इतके जवळ असल्याने इथल्या श्रोत्यांना विशेष आवडेल.

रागांची ओळख देताना परिचित नावांचा आधार घ्यावा: कल्याणी यमनच्या, खरहरप्रिया काफीच्या आणि मायामालवगौळ भैरवच्या मेळाजवळ, म्हणजे स्वरसंचाजवळ, आहे. मात्र स्वर तेच असले तरी चलन (स्वरांची ये-जा) आणि गमके वेगळी असतात, हे पुढच्याच वाक्यात सांगावे, नाहीतर श्रोता यमनच शोधत बसेल. हंसध्वनी आणि कीरवाणी तर दक्षिणेकडूनच आपल्याकडे आले. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी म्हैसूर दरबारात हजेरी लावली आणि कर्नाटक संगीताचे रचनाकार त्यागराज यांची खरहरप्रियेतील कृती (रचना) ध्वनिमुद्रित केली, हा दुवा कोल्हापूरच्या श्रोत्यासमोर अवश्य ठेवावा. ‘तानम्’ वाजवले जाणार असेल तर ते आपल्या जोडाच्या, म्हणजे आलापानंतरच्या लययुक्त भागाच्या, जवळचे, पण वीणेवर खास खुलणारे अंग आहे, एवढे म्हणावे. माझ्या मते मैफलीतील सर्वांत आधी मन धरणारा भाग तोच असतो.

पुरस्कार शेवटी, एका वाक्यात. नावाबाबत विशेष काळजी घ्यावी: दक्षिणेत नावाआधीची अक्षरे बहुधा गावाची किंवा वडिलांच्या नावाची असतात, आपल्यासारखे आडनाव शेवटी असतेच असे नाही. म्हणून कलाकार स्वतः जसे नाव लिहितो तसेच छापावे, उच्चार फोनवर त्याच्याकडून म्हणवून घ्यावा आणि निवेदकाच्या प्रतीत तो देवनागरीत ठळकपणे लिहून द्यावा. मसुदा तयार झाला की एकदा मोठ्याने वाचावा आणि चार मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर पुरस्कारांचे वाक्य आधी काढावे. कलाकाराला वाचून दाखवल्याखेरीज मात्र तो छपाईला देऊ नये.